रॅकेट वाढत्या अंगाची नको

2023 साली हांगझोऊला झालेल्या आशियाई खेळांत महाराष्ट्राच्या ऋतुजा भोसले हिने रोहन बोपण्णाच्या जोडीनं टेनिसचं सुवर्णपदक मिळवलं. आता तालुक्याच्या क्रीडासंकुलात आपल्या पोरीही टेनिस शिकायला जातात. मग घरात प्रश्न येतो, रॅकेट कोणती घ्यायची?

आपण पोरीला फ्रॉक घेतो तो वाढत्या अंगाचा. दोन वर्षं तरी पुरावा, हा हिशोब. रॅकेटला मात्र हा हिशोब लावू नका. लांब, जड रॅकेटनं मनगट आणि कोपर दुखतं, चेंडू वेळेवर लागत नाही. पोरगी म्हणते, "मला जमत नाही." घरचे म्हणतात, "मग सोड." खरं तर चूक असते मापाची आणि खेळ सुटतो पोरीचा.

मोठ्या माणसांची रॅकेट 27 इंच लांब असते. मुलांसाठी 19, 21, 23, 25 आणि 26 इंची मिळतात. पावणेचार ते चार फूट उंचीच्या मुलीला 23 इंची, सव्वाचार ते साडेचार फुटांच्या मुलीला 25 इंची बहुधा बसते. पावणेपाच फुटांच्या पुढे 27 इंची चालते. दुकानात पारख सोपी आहे. मुलीला ताठ उभं करा, हात सरळ खाली सोडून रॅकेटची मूठ टोकाशी धरू द्या. रॅकेटचं दुसरं टोक जमिनीला जेमतेम टेकलं, तर माप बरोबर. कोपर वाकवावं लागलं, तर रॅकेट लांब आहे.

मग मूठ बघा. मुठीत धरल्यावर बोटांची टोकं आणि तळहात यांच्यामध्ये दुसऱ्या हाताचं एक बोट मावलं पाहिजे. मूठ थोडी बारीक असेल तर वरून पट्टी गुंडाळून जाड करता येते. जाड मूठ बारीक करणं अवघड.

तुमच्यापैकी कुणाला स्वतः शिकायचं असेल, किंवा पोरगी 27 इंचीपर्यंत पोहोचली असेल, तर वजन आणि तोंड बघा. शिकणाऱ्यासाठी 250 ते 280 ग्रॅमची, म्हणजे पाव किलोच्या आसपासची रॅकेट बरी. जाळीचं तोंड 100 ते 110 चौरस इंच असावं. तोंड मोठं असलं की चेंडू मधोमध लागला नाही तरी पलीकडे जातो. मुरलेले खेळाडू लहान तोंडाची, 300 ग्रॅमच्या वरची रॅकेट घेतात, कारण जोर त्यांच्या हातात असतो. त्यांना हवा असतो नेम. ती महाग रॅकेट नवशिक्याला उपयोगाची नाही.

जाळीला दुकानदार गटिंग म्हणतात. ते फार कडक ताणू नका असं सांगा. थोडं सैल गटिंग चेंडूला जोर देतं आणि हाताला कमी हादरा बसतो. पॉलिएस्टरच्या ताठ तारा मुलांना नकोत. लहान मुलांना सुरुवातीला लाल, नारिंगी, हिरव्या खुणेचे मऊ चेंडू द्या. ते हळू येतात आणि कमी उसळतात.

आता पैशांचं. पोर वाढली की रॅकेट बदलावी लागते, हे खरं. म्हणून बचत गटातल्या चार-पाच जणींनी मिळून वेगवेगळ्या मापांच्या रॅकेटी घ्याव्यात. एकीच्या पोरीला लहान झाली की दुसरीच्या पोरीला द्यावी. वापरलेली घेताना चौकटीवरून बोट फिरवून चीर आहे का बघा. तारा झिजल्या असतील तर बदलता येतात, चिरलेली चौकट घेऊ नका. उन्हात किंवा तापलेल्या गाडीत रॅकेट ठेवू नका, तारा सैल पडतात.

आणि एक. रॅकेट घ्यायला जाताना पोरीला सोबत न्या. पाच-दहा वेळा तिलाच फिरवू द्या. हात तिचा आहे, तो काय सांगतो ते ऐका. पैसे त्यानंतर मोजा.