अनुदान हातात पडत नाही, कर्जात वळते होते

(मंडळाच्या उद्योग मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सीमाप्रश्नावर बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्ही बँकेत कारकुनी करणारी माणसे, तेव्हा हिशेबाचेच बोलू. १९५६ पासून आपण न्याय मागतो आहोत. सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झालेला दावा अजून निकालात निघालेला नाही. तो लागेल तेव्हा लागेल. पण तोवर घरातला मुलगा पुण्याला नोकरीला जातो आणि उद्यमबागेतला वडिलांचा गाळा भाड्याने जातो. इथे माणसेच उरली नाहीत, तर निकाल कोणासाठी मागायचा? म्हणून धंदा उभा करणे हेसुद्धा आपल्या लढ्याचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

काउंटरवर आम्हाला रोज विचारतात, "साहेब, सबसिडी किती?" धंदा कोणता, माल कोण घेणार, हे नंतर. आधी ही समजूत दुरुस्त करू या.

पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम ही २००८ साली सुरू झालेली योजना घ्या. खादी आयोग, खादी मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्यामार्फत ती चालते. २०२२ साली तिची मर्यादा उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाख केली गेली. सर्वसाधारण गटाला शहरात १५ टक्के आणि ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान. महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, माजी सैनिक, अपंग अशा विशेष गटाला शहरात २५ आणि ग्रामीण भागात ३५ टक्के.

आता हिशेब करू. दहा लाखांचा प्रकल्प आहे. सर्वसाधारण गटातल्या भावाने तो बेळगाव शहरात काढला, तर स्वतःचे १ लाख, बँकेचे ९ लाख, अनुदान दीड लाख. तोच प्रकल्प बहिणीने ग्रामपंचायतीच्या हद्दीत काढला, तर तिचे स्वतःचे ५० हजार, बँकेचे साडेनऊ लाख, अनुदान साडेतीन लाख. यंत्र तेच, माल तोच, फरक दोन लाखांचा. २०२२ च्या नियमांप्रमाणे पंचायत राज्यातला भाग ग्रामीण आणि नगरपालिका-महानगरपालिकेतला शहरी. आपल्या किती घरांची जुनी जागा शहराबाहेर तालुक्यात पडून आहे, ते ज्याने त्याने आठवावे. मात्र बहिणीच्या नावाने धंदा काढायचा, तर तो बहिणीनेच चालवावा. सहीपुरती मालकीण ठेवली की पुढे घरातच भांडण लागते.

पण हे साडेतीन लाख रोख मिळत नाहीत. बँक ती रक्कम तीन वर्षे ठेव म्हणून बाजूला ठेवते. त्या ठेवीवर व्याज मिळत नाही आणि कर्जाच्या तेवढ्या भागावर व्याज लागतही नाही. तीन वर्षांनी धंदा चालू आहे याची पाहणी झाली, म्हणजे ती रक्कम कर्जात वळती होते. मध्येच शटर खाली गेले तर अनुदान सरकारकडे परत जाते आणि कर्ज मात्र आपल्याच नावावर राहते. म्हणून आम्ही सांगतो, अनुदान शून्य धरूनही हप्ता निघत असेल, तरच अर्ज करा.

आणखी चार गोष्टी वहीत लिहून घ्या. योजना नव्या धंद्यासाठी आहे, चालू धंद्याला हे पहिले कर्ज मिळत नाही. पती-पत्नी मिळून एकालाच लाभ मिळतो. जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही. उत्पादनात १० लाखांवर आणि सेवेत ५ लाखांवर प्रकल्प असेल, तर आठवी पास लागते. सध्याची मंजुरी २०२५-२६ पर्यंतची होती. तेव्हा अर्जाआधी जिल्हा उद्योग केंद्रात आजची स्थिती विचारून घ्या.

२०१५ ची मुद्रा योजना वेगळी. तिच्यात अनुदान नाही, ते कर्जच आहे. "मुद्रात सबसिडी काढून देतो" असे कोणी म्हणाला, तर तो फसवतो आहे असे समजा. तारणाचेही तसेच. लघुउद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असा दंडक रिझर्व्ह बँकेने २०१० साली घातला. उद्यम नोंदणीला एक पैसाही लागत नाही, तरी तिचे दोन-तीन हजार घेणारे एजंट गल्लोगल्ली बसले आहेत. गरिबाचे घर अशानेच बुडते.

आता बक्षिसांच्या स्पर्धा. राज्याची 'एलिव्हेट' स्पर्धा २०१७ पासून आहे. नव्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या कंपनीला तिच्यात ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि त्या बदल्यात कंपनीत हिस्सा द्यावा लागत नाही. केंद्राच्या लघुउद्योग मंत्रालयाने २०२२ साली सुरू केलेल्या हॅकेथॉनमध्ये एका कल्पनेला १५ लाखांपर्यंत मदत ठेवली होती. आपल्याकडे फौंड्री आणि हायड्रॉलिक्समध्ये हात बसलेली मुले आहेत, पण ती हे आपल्यासाठी नाही असे समजतात. परीक्षक विचारतात ते साधेच असते. अडचण कोणाची, ती सोडवायला पैसे कोण देणार, आणि तुम्हीच का? कारखान्यात दहा वर्षे घालवलेल्या मुलाकडे याचे उत्तर असते, ते पाच मिनिटांत मांडायचा सराव नसतो. तो सराव मंडळाच्या सभागृहात होऊ शकतो. मात्र प्रवेश फी घेऊन बक्षिसाची हमी देणाऱ्यापासून चार हात लांब राहा.

शेवटी आपल्या हक्काचे. "आपण भाषिक अल्पसंख्याक, म्हणून जास्त टक्के मिळतात का?" असे आम्हाला विचारतात. नाही. या योजनेतला अल्पसंख्याक म्हणजे धार्मिक अल्पसंख्याक. २०२० साली राज्य सरकारने मराठा विकास महामंडळ जाहीर केले. त्याविरुद्ध बंदही पुकारला गेला. ते मराठा समाजासाठी आहे, मराठी भाषेसाठी नाही, असा खुलासा तेव्हा सरकारने केला. ज्यांना ते लागू आहे त्यांनी हक्काने मागावे. बाकीच्यांनी त्याच्या भरवशावर बसू नये.

भाषेचा हक्क मात्र दुसरीकडे आहे. ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत, तिथे महत्त्वाचे नियम आणि सूचना त्या भाषेत प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या मान्य संरक्षणांत आहे. घटनेच्या ३५० व्या कलमाने तर राज्यात वा केंद्रात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडायचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. मग या योजनांची पत्रके मराठीत का नसावीत? खानापूरच्या कुंभाराला, वडगावच्या विणकराला नियम समजत नाहीत, म्हणून तो एजंटाच्या दारात जातो. पत्रक मराठीत असते तर त्याचे पैसे वाचले असते. हे निवेदन मंडळाने लेखी द्यावे, पोच घ्यावी आणि उत्तर आले नाही तर भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे जावे.

ते होईपर्यंत आपले काम आपणच करू. दर रविवारी सकाळी दोन तास मंडळाच्या कचेरीत आम्ही बँकेतले चौघे-पाच जण बसू. कोटेशन, जागेचा कागद, जातीचा दाखला, आधार घेऊन या. अर्ज तुमचा तुम्हीच भरा, शेजारी बसून आम्ही सांगू. फी नाही, चहा मात्र तुमचा.