कर की कसब?

(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



रात्रीच्या विजेवर पिकाला पाणी देणे म्हणजे काय, हे निफाडकरांना सांगायला नको. कडाक्याची थंडी, हातात बॅटरी आणि शेजारच्या उसात बिबट्याची भीती. ही वीज बहुतांशी कोळशाची. आपल्या जिल्ह्यात एकलहरे येथेही कोळसाच जळतो. अशा एका युनिटमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो आणि पृथ्वी तापत राहते.

हा वायू कमी करण्याचा एक मार्ग कराचा. 2010 साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर बसविला. 2016 साली तो 400 रुपये झाला. कराने वीज महागते आणि त्याची झळ प्रथम गरिबाला लागते. कारण त्याच्यापाशी दुसरे साधन नसते.

दुसरा मार्ग साधनच बदलण्याचा. 2010 च्या सुमारास सौर विजेचा दर युनिटला दहा रुपयांच्या वर होता. 2017 साली राजस्थानात भडला येथे तो 2 रुपये 44 पैशांवर आला. 2019 च्या कुसुम योजनेने आणि 2024 च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेने आपल्या राज्यातील शेतकऱ्याला किमतीचा दहावा हिस्सा भरून पंप मिळू लागला. अनुदानही करातूनच येते, हे मान्य; पण येथे माणसाच्या हाती साधन पडते आणि त्याची रात्रीची पायपीट वाचते.

मात्र एक इशारा द्यावासा वाटतो. सूर्य बिल पाठवीत नाही, म्हणून पंप दिवसभर चालू ठेवला तर विहीर आटेल. वाहत्या नदीकाठी वुजू करतानाही पाणी वाया घालवू नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. सौर पंपाला ठिबकची जोड हवीच.

आता प्रश्न असा, की हे पंप बसविणार कोण, दुरुस्त करणार कोण? दहावीनंतर शाळा सुटलेल्या आपल्या मुलामुलींना आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम खुला आहे. पालकांनो, लग्नातील रोषणाईचा खर्च थोडा आवरा आणि त्या पैशातून मुलांची फी भरा. सूर्य सर्वांच्या अंगणात सारखाच उगवतो. त्याच्याकडून काम करून घेण्याचे कसब मात्र शिकावे लागते.