कूस कुणी बदलायची?

मैत्रिणींनो, मी परिचारिका आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर २ तासांनी बदलावी लागते. नाहीतर माकडहाड, खुबे, टाचा यांवर दाब पडून रक्त पोहोचत नाही, जखमा होतात. म्हणजे दिवसरात्रीत १२ वेळा. वॉर्डात मी हे शिकवते तेव्हा सून, मुलगी किंवा बायकोच पुढं येते. तिची झोप, तिची कंबर कोण मोजतं?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात, कलम २४ मध्ये, जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. तो आपण मागूच. पण भत्ता मिळाला म्हणून हे काम बाईचंच ठरू नये. रुग्णाखाली आडवी चादर घालून दोघांनी मिळून कूस बदलता येते. चादरीचं दुसरं टोक घरातल्या पुरुषानं धरलंच पाहिजे.