हळदीची साक्ष आणि प्रथिनांची पारख



हिंगोली जिल्ह्यांतील वसमतची हळद आपणां सर्वांस ठाऊक आहे. तिच्या पिवळ्या रंगाचें मूळ द्रव्य कर्क्युमिन. औषधशोधाच्या प्रयोगशाळांत हेंच द्रव्य कित्येकदां खोटी साक्ष देतें. ती कशी, हें आज पाहूं.

शरीरांतील प्रथिनें बहुधा एकटीं काम करीत नाहींत. एक दुसऱ्यास बिलगतें, तेव्हां कार्य घडतें. हें मीलन डोळ्यांना दिसत नाहीं. तें युक्तीनेंच ओळखावें लागतें. एका रीतींत पेशी फोडून, सूक्ष्म मण्यांवर बसविलेल्या प्रतिपिंडांनीं एक प्रथिन ओढून घेतात, मणी धुतात, आणि त्याबरोबर दुसरें कोणतें आलें तें पाहतात. दुसरी रीत स्टॅन्ले फील्ड्स व ओक-क्यू साँग यांनीं 1989 सालीं प्रसिद्ध केली. यीस्टमधील एका नियामक प्रथिनाचे दोन भाग दोन निरनिराळ्या प्रथिनांस जोडावयाचे. तीं परस्परांस बिलगलीं कीं ठराविक जनुक जागें होतें व निळा रंग उमटतो. तिसरी रीत प्रकाशाची. दोन प्रथिनांस दोन चकाकणारे रंग लावले, तर सुमारें 10 नॅनोमीटरांच्या आंत येतांच एका रंगाची ऊर्जा दुसऱ्यास मिळते.

एखादें द्रव्य असें मीलन मोडतें काय, हें पुष्कळदां प्रकाशाच्या मोजमापानें तपासतात. परंतु कर्क्युमिन स्वतःच प्रकाश शोषतें व हिरवट चकाकतें. शिवाय त्याचे कण गोळा होऊन भलत्याच प्रथिनांस चिकटतात. मीलन अभंग असतांही यंत्र तें मोडल्याचें दाखवितें! कॅथरीन नेल्सन, मायकेल वॉल्टर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 2017 सालीं याविषयीं स्पष्ट इशारा दिला.

म्हणून एका साक्षीवर निकाल देऊं नये. प्रथिनें नसलेल्या पात्रांतही तें द्रव्य घालून पाहावें, आणि प्रकाशावर न विसंबणाऱ्या दुसऱ्या रीतीनें पडताळा घ्यावा. इतर रीतीही निर्दोष नाहींत. पेशींत कधीं न भेटणारीं प्रथिनें पेशी फुटल्यावर एकमेकांस चिकटूं शकतात.

यानें हळदीचें स्वयंपाकांतील मोल तिळभरही कमी होत नाहीं. मात्र अमक्या असाध्य रोगावर हळद गुणकारी ठरली असें वाचनांत आलें, तर पडताळा किती रीतींनीं झाला व रोग्यांवर परीक्षा झाली काय, हें अवश्य विचारावें. तोंवर कोणीही वैद्यकीय उपचार सोडूं नयेत.