पहिल्या भेटीतच विचारू या

महाराष्ट्र-गोव्यातून आलेले डॉक्टर, परिचारिका, समाजसेवक व स्वयंसेवक मित्रहो,

स्वागत समितीच्या वतीने पुण्यात आपले मनःपूर्वक स्वागत करतो. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणाऱ्या परिचारिकांना आज पहिल्या रांगेत बसवले आहे, ते मुद्दाम.

वांद्र्याचे कर्करुग्णांसाठीचे शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. इथे वारज्याला सिप्लाचे पॅलिएटिव्ह केअरचे, म्हणजे वेदना व त्रास हलका करणाऱ्या शुश्रूषेचे, केंद्र १९९७ पासून आहे. तरीही कर्करोग पसरलेला रुग्ण आपल्यापर्यंत पोचतो तो बहुधा अगदी अखेरीस, ‘आता करण्यासारखे काही राहिले नाही’ हे ऐकून. हे थांबलेच पाहिजे. बॉस्टनच्या डॉ. जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध केला. निदानापासूनच पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचे जगणे सुसह्य झाले, नैराश्य कमी झाले. शेवटी आक्रमक उपचार कमी घेऊनही त्यांचे मध्यक आयुर्मान ११.६ महिने भरले, इतरांचे ८.९.

पण आपल्याला लवकर बोलावले म्हणजे भागले असे नाही. वॉर्डाबाहेर नातेवाईक गाठतात, ‘डॉक्टर, त्यांना काही सांगू नका.’ मायेपोटीच म्हणतात. मग सगळे बोलणे मुलाशी, जावयाशी होते आणि ज्याचा आजार, त्याला कुणी काही विचारतच नाही.

जबड्याचा कर्करोग झालेल्या एका शिंपीकाकांना आमच्या परिचारिकेने विचारले, ‘काका, काय करायचे मनात आहे?’ बोलणे अवघड झालेले. त्यांनी वहीत लिहिले, ‘पोराला ब्लाउजची कटिंग शिकवायची आहे.’ तिथून पुढचे सगळे त्या वाक्याभोवती ठरले. मॉर्फिन दर चार तासांनी, रात्री उठावे लागू नये म्हणून झोपताना दुप्पट, आणि बद्धकोष्ठावर रेचक पहिल्या दिवसापासून. मॉर्फिनच्या नावानेच घाबरलेल्या मुलाची समजूतही तिनेच घातली. केमो चालूच होती. दुसऱ्या दिवशी येणारा थकवा धरून शिकवणीचे दिवस ठरले. सकाळी काका कात्री हातात घेऊन बसू लागले. पेपर कटिंगपासून सुरुवात केली, कारण पोराचा हात अजून कच्चा होता.

म्हणून आज दुपारी व्याख्याने नाहीत. दोघादोघांनी समोरासमोर बसून रुग्णाशी पहिल्या भेटीतले हे बोलणे प्रत्यक्ष करून पाहायचे आहे. ज्येष्ठ तज्ज्ञांनी आधी रुग्णाच्या खुर्चीत बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जेवण एक वाजता आहे. बरोबर दोनला सुरू करू.