एकोणतीस अंकांची एक संख्या



कापडाला एक घडी घातली की दोन पदर होतात; दुसरीने चार, तिसरीने आठ. अशा ९६ घड्या मनोमन कल्पिल्या, तर पदरांची संख्या ७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६ इतकी होते. हीच एकोणतीस अंकी संख्या जैन शास्त्रांत मनुष्यांच्या गणनेसंबंधी आली आहे.

ती काढण्यासाठी ९५ वेळा दुप्पट करण्याचे श्रम नकोत. दोनचा पहिला वर्ग ४, त्याचा वर्ग १६, पुढे २५६, ६५,५३६ आणि पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. सहावा वर्ग वीस अंकी आहे. श्वेतांबर परंपरेतील अनुयोगद्वार सूत्र सांगते, की सहाव्या वर्गाला पाचव्याने गुणावे, अथवा ९६ वेळा निम्मी करता येणारी राशी घ्यावी. दिगंबर परंपरेतील आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्ती दहाव्या शतकातील गोम्मटसारात पाचव्या वर्गाचा घन सांगतात. सहावा वर्ग म्हणजे पाचव्याला पाचव्यानेच गुणणे. त्यास पुन्हा पाचव्याने गुणले की घन झाला. मार्ग दोन, उत्तर एक!

निम्मे करण्याच्या या मोजणीस आचार्य वीरसेनांनी नवव्या शतकातील धवला टीकेत ‘अर्धच्छेद’ म्हटले आहे. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे दोन्ही राशींच्या अर्धच्छेदांची बेरीज. येथे ६४ आणि ३२ मिळून ९६. युरोपात जॉन नेपियर यांनी १६१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लॉगरिथमची जातकुळी हीच.

हिशेबनिसाची नवाची कसोटीही येथे लागू पडते. सहा घड्यांचे ६४ पदर. ६४ ला ९ ने भागता बाकी १. ९६ मध्ये सहा सोळा वेळा, म्हणून बाकी १ च राहिली पाहिजे. सर्व अंकांची बेरीज १२७, तिची १० आणि शेवटी १. हिशेब जुळला.

आजचा तरुण विचारील, की २०२२ मध्ये पृथ्वीची लोकसंख्या ८०० कोटींवर पोहोचली, मग ही संख्या कोणाची? प्रश्न रास्त आहे. तो दडपू नये. शास्त्रातील मनुष्यलोक अढाई द्वीपांचा आहे, जनगणनेच्या तक्त्याशी त्याची तुलना होत नाही. मात्र गणिताचा भाग कोणालाही कागद-पेन्सिल घेऊन पडताळता येतो. श्रद्धेचा विषय श्रद्धेच्या जागी आणि हिशेब हिशेबाच्या जागी ठेवला, तर दोहोंचाही मान राहतो.

गोम्मटसारात या संख्येचे अंक अक्षरांत गुंफले आहेत. त म्हणजे ६, ल म्हणजे ३, न म्हणजे ०. एककापासून आरंभ करून अंक मांडीत जावे. शतकानुशतके हस्तलिखितांच्या नकला झाल्या. एखाद्या लेखनिकाचा हात चुकला, तरी वर्गाच्या नियमावरून ही संख्या जशीच्या तशी पुन्हा उभी राहते. दोन परंपरांनी आपापल्या वहीत लिहिलेली रक्कम एकच निघते, याहून मोठा ठेवा पुढील पिढीला कोणता द्यावा?