संत्र्याचा भाव कुठे ठरतो?

(प्रभागसंघाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर. शेतीच्या कामामुळे ज्यांना सभेला येता आलं नाही, त्या ताईंसाठी इथे देत आहोत.)



मागच्या महिन्यात आपल्या सहा जणी आणि मी मुंबईला अभ्यासदौऱ्यावर जाऊन आलो. दोन दिवस दादर, परळ, लालबाग, गिरगाव आणि महात्मा फुले मंडई पायी फिरलो. समुद्रही पाहिला, पण तो विषय आज नाही. आज संत्र्याचं बोलायचं आहे. अंबिया बहाराचे सौदे आता सुरू होतील. व्यापारी बगीचे बघायला येतील, ओसरीवर बसतील, आकडा बोलतील. तो आकडा ठरतो तेव्हा आपण बहुतेक वेळा आत चहा करत असतो. आणि गटाचा हप्ता मात्र आपल्याच नावावर असतो. म्हणून हे बोलणं सौद्याच्या आधी व्हायला हवं.

आम्ही दादर स्टेशनबाहेरच्या बाजारात गेलो तेव्हा आपलं नागपुरी संत्रं कुठेच नव्हतं. ते साहजिक आहे. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये संपतं आणि अंबियाचं ऑक्टोबरच्या पुढे येतं. मधल्या काळात आपल्या झाडावर कच्चं फळ. पण टोपल्यांमध्ये संत्री होती! गोल, घट्ट सालीची, चकचकीत, प्रत्येकावर स्टिकर. आपल्या एका काकूंनी विचारलं, "हे कुठलं?" फळवाली म्हणाली, "माल्टा आहे, इम्पोर्टेड."

हा माल्टा जवळून बघण्यासारखा आहे. तो आपल्या संत्र्याचा भाऊ नाही, मोसंबीच्या घराण्यातला आहे. साल गराला चिकटलेली असते, त्यामुळे दाब सहन करतो. वरून मेणाचा हात दिलेला असतो. शीतगृहात आणि जहाजाच्या थंड कंटेनरमध्ये कितीतरी आठवडे टिकतो. वर्षाच्या पहिल्या सहामाहीत तो मुख्यतः इजिप्तहून येतो. पावसाळ्यापासून पुढे दक्षिण आफ्रिकेचा माल येतो, कारण तिथले ऋतू आपल्या उलटे. आपलं संत्रं सैल सालीचं. लहान पोरालाही सोलता येतं, हेच त्याचं मोठेपण. पण ट्रकमध्ये दाबलं गेलं की सुटतं, पाणी धरतं. २०१४ साली नागपुरी संत्र्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चवीत ते कुणाला हार जात नाही. पण ते वर्षातून दोनदाच, आणि एकदम येतं. मुंबई मात्र बारा महिने फळ खाते. मधली जागा दुसरा कुणी भरणारच. हिवाळ्यात तर पंजाबचा किन्नूही येतो. ती जात मूळची अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात तयार झालेली, आता अबोहर-फाजिल्का भागातलं मुख्य फळपीक झाली आहे.

आता तुम्ही म्हणाल, "परदेशी फळ आलं म्हणून आपला भाव पडला." थोडं खरं आहे, पण आपल्याला मोठा फटका बसला तो दुसरीकडून. आपला माल जिथे जात होता, ते दारच अरुंद झालं.

ते दार म्हणजे बांगलादेश. तिथे संत्री फार थोडी पिकतात. खाणारे भरपूर, म्हणून बाहेरून आणल्याशिवाय त्यांचं भागत नाही. वरूड-मोर्शीचा माल, त्यातही बारीक फळ, ट्रकांनी बंगालमार्गे तिकडे जायचा. बांगलादेशने त्यावर आयात शुल्क लावलं. २०१९ मध्ये ते किलोमागे २० टका होतं. दरवर्षी वाढत गेलं आणि २०२३ मध्ये ८८ टक्यांवर पोचलं. बगीच्यात आपल्याला किलोला जे मिळतं, त्याच्या कितीतरी पट हा नुसता कर! तिकडे ग्राहकाला फळ महाग झालं, इकडे व्यापाऱ्याने हात आखडला, आणि तो माल देशातल्याच मंड्यांमध्ये येऊन पडला. शेवटी २०२३ मध्येच आपल्या राज्य सरकारने त्या शुल्काचा निम्मा भार अनुदान म्हणून उचलण्याचं जाहीर केलं.

बांगलादेशने असं का केलं? आपल्यावर राग म्हणून नाही. बाहेरून माल आणायला डॉलर लागतात. २०२२ मध्ये जगभर तेल, धान्य, खत महागलं तेव्हा त्यांच्याकडे डॉलरची ओढाताण झाली. घरात पैसे कमी पडले की आपण आधी काय बंद करतो? औषध नाही, तांदूळ नाही. फळ बंद करतो. त्यांनीही बाहेरून येणाऱ्या फळांवर कर वाढवला. आपला देशही परदेशी संत्र्यावर कर लावतोच. आणि तोही कायम सारखा राहत नाही. २०२२ च्या डिसेंबरपासून ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार लागू झाला, त्यात ठरावीक टनांपर्यंत त्यांच्या संत्र्यावरचं शुल्क निम्मं केलं आहे. म्हणजे हे दार कुणीही, केव्हाही उघडतं नि लावतं. आपल्याला विचारून नाही.

यातून मला एकच गोष्ट दिसते. गटात आपण सगळी बचत एकाच सभासदाला कर्ज म्हणून देतो का? ती कितीही सरळ असली तरी देत नाही. कारण उद्या तिच्या घरी दुखणं निघालं तर सगळ्यांचे पैसे अडकतात. बगीच्याच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करत आलो. एकच व्यापारी, एकच वाट, एकच आकडा.

मग मुंबई ही दुसरी वाट होऊ शकते का? यासाठीच आम्ही गेलो होतो. जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगते.

पहिलं, मुंबईचा घाऊक फळबाजार आता मुंबईत नाहीच. तो महात्मा फुले मंडईच्या भागातून १९९६ मध्ये नवी मुंबईत, वाशीला गेला. दादर-लालबागच्या फळवाल्या पहाटे तिथूनच माल उचलतात. पण २०१६ पासून राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीतच विकला पाहिजे, हे बंधन राहिलेलं नाही. आपला गट किंवा शेतकरी कंपनी थेट ग्राहकाला, सोसायटीला, दुकानदाराला माल देऊ शकते. वाट मोकळी आहे, पण ती आपोआप चालत येत नाही.

दुसरं, परळ. तिथे केईएम आहे, टाटा रुग्णालय आहे, वाडिया आहे. आपल्या गावातूनही कितीतरी पेशंट तिथे जातात, हे तुम्हाला सांगायला नको. फाटकाबाहेर फळवाल्यांची रांग असते. तिथे पेशंटचे नातेवाईक किलोने घेत नाहीत, नगावर घेतात. चार मोसंबी, दोन संत्री. मोठं, देखणं फळ लागतंच असं नाही. ताजं, गोड आणि सोलायला सोपं हवं. एका फळवाल्या मावशी म्हणाल्या, "लहान फळ दिलं तर चार जण जास्त घेतात." ऐकून आपल्या सहाही जणी एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण आपल्याकडे चुरी म्हटलं की तोंड वाकडं होतं. बांगलादेशची वाट अरुंद झाल्यावर सगळ्यात जास्त मार बसला तो या चुरीलाच.

आता हिशेब करू. आकडे नुसते उदाहरणासाठी आहेत, तुमच्या बगीच्याचे तुम्ही घाला. समजा १० टन माल आहे आणि व्यापारी उक्ते दीड लाख देतो. आता आपण प्रतवारी केली. ६ टन चांगलं फळ २२ रुपयांनी गेलं, त्याचे १ लाख ३२ हजार. ४ टन चुरी ८ रुपयांनी गेली, त्याचे ३२ हजार. एकूण १ लाख ६४ हजार. तोडणी, क्रेट, हमाली, भाडं यांचे २० हजार वजा केले. उरले १ लाख ४४ हजार. म्हणजे उक्त्यापेक्षा ६ हजार कमीच! पण तीच चुरी १२ रुपयांनी गेली, तर खर्च जाऊन १ लाख ६० हजार उरतात. सगळा खेळ चुरीच्या त्या चार रुपयांत आहे. आणि उक्त्यात वाऱ्याचा, गळीचा धोका व्यापारी घेतो, हेही विसरू नका. म्हणून "उक्तं देऊच नका" असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक ठरलेलं नसताना बगीचा हातात ठेवणं हेही नुकसानच आहे.

तिसरं, प्रक्रिया. चुरीचा प्रश्न आला की कुणीतरी म्हणतं, "स्क्वॅश करू, युनिट टाकू." योजना आहेत. सूक्ष्म अन्नप्रक्रियेच्या केंद्राच्या योजनेत बचत गटाच्या सभासदाला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल मिळतं, यंत्रावर ३५ टक्के अनुदान आहे. लहान उद्योगाला अन्न परवान्याची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. पण आधी फळाचा स्वभाव ओळखा. आपल्या संत्र्याचा रस काढून ठेवला की काही तासांत कडवट होतो. बी आणि आतली साल दाबली गेली तर जास्तच. स्क्वॅशमध्ये किमान २५ टक्के फळाचा रस हवा, असा नियम आहे. रंग आणि साखरेचं पाणी बाटलीत भरून चालणार नाही. हे सगळं हाताने नीट जमायला एक हंगाम जातो. यंत्र आधी आलं आणि हात नंतर तयार झाले, तर हप्ता मधल्या काळात थांबत नाही.

गिरगावात आम्ही फिरत होतो तेव्हा तिथल्या एका आजींनी लिज्जतची गोष्ट काढली. तुम्हाला पापड माहीत आहे, सुरुवात माहीत आहे का? १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायका जमल्या. ८० रुपये उसने घेतले. पहिल्या दिवशी पापडाची फक्त चार पाकिटं झाली, आणि ती भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याला दिली. चार पाकिटं! गिऱ्हाईक आधी, धंदा मागून वाढला. देणगी घ्यायची नाही हेही त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं.

आणि लालबागचा राजा तर घराघरांत माहीत आहे. पण तो नवसाचा का, हे किती जणींना माहीत आहे? १९३२ मध्ये तिथला पेरू चाळीतला बाजार बंद झाला. कोळणी आणि छोटे विक्रेते उघड्यावर आले. बसायला हक्काची जागा मिळू दे, म्हणून त्यांनी नवस केला. ती जागा मिळाली, आणि १९३४ मध्ये गणपती बसला. नवस केला हे खरं, पण बाजारासाठी खटपट करायचं त्यांनी सोडलं नव्हतं. तिथे उभी राहून मला वाटलं, बाजार बंद होणं हे आपल्याच नशिबी आलेलं नाही.

आता कामाचं. सौद्याआधी प्रत्येक ग्रामसंघाने तीन गोष्टी कराव्यात, असं आपल्या सभेत ठरलं आहे.

एक, ज्या ताईंच्या घरी बगीचा आहे त्यांनी गेल्या वर्षीचा हिशेब कागदावर मांडायचा. किती टन, उक्तं किती, चुरी किती, फवारणी-खतावर किती. पैसा घरातला आहे, कर्ज गटाचं आहे, तेव्हा हिशेब विचारण्यात भांडण कसलं? घरात सरळ सांगा, "गटात लिहून द्यायचं आहे." एवढ्याने अर्धं काम होतं.

दोन, बगीचा उक्ता द्यायचा तर द्या, पण एक-दोन ओळी राखून ठेवा. सहा गावांतून अशा ओळी मिळून एक गाडी भरते. ती चुरीसकट मुंबईला पाठवून बघायची. परळच्या दोन फळवाल्या आणि दादरची एक सोसायटी आधी थोडा माल घेऊन बघायला तयार आहेत. फायदा होईलच, असा शब्द मी देत नाही. तोटा झाला तरी तो एका ओळीचा असेल, बगीच्याचा नाही.

तीन, स्क्वॅश ज्यांना करायचा आहे त्यांनी यंदा घरच्या भांड्यांत करायचा, नोंदणी काढायची आणि शंभर बाटल्या विकून दाखवायच्या. शंभर विकल्या की कर्जाच्या अर्जावर मी तुमच्यासोबत बँकेत येऊन बसते. त्याआधी नको.

ढाक्यात कर किती लागेल, इजिप्तचं जहाज कधी येईल, हे आपल्या हातात नाही. बगीच्यातल्या दोन ओळी आपल्या हातात आहेत. या महिन्याच्या ग्रामसंघाच्या बैठकीत कोणाच्या किती ओळी, ते नावासकट लिहून आणा. गाडीचं भाडं ठरवायला मला तो आकडा लागणार आहे.